लॉबीतल्या तक्त्यावरचा पांढरा कागद
(सोसायटी ग्रुप, रविवार सकाळ)

नाना ए-१०२: लॉबीत मुलांनी एसएलव्ही-३ चा, म्हणजे उपग्रह सोडणाऱ्या आपल्या पहिल्या रॉकेटच्या उड्डाणांचा तक्ता लावलाय. काल रात्रीपर्यंत धड होता. आज दूध आणायला उतरलो तर १० ऑगस्ट १९७९ च्या ओळीवर पांढरा कागद चिकटवलेला. हे कोणी केलं?

सेक्रेटरी: नमस्कार नाना. कमिटीने ठरवून केलंय. २३ ऑगस्टला अंतराळ दिन, पाहुणे येणार. कार्यक्रमाच्या दिवशी लाल अक्षरात ‘अयशस्वी’ बरं दिसत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

काकू बी-३०४: ती ओळ माझ्या नातीने लिहिली होती. सकाळपासून रुसून बसलीय. आधी एक फोन तरी करायचा होता.

सी-५०१: सी विंगची लिफ्ट कधी सुरू होणार?

नाना ए-१०२: सेक्रेटरीसाहेब, ही मूठ देशाने कधी झाकलीच नव्हती. त्या दिवशी श्रीहरिकोट्याहून रॉकेट उडालं आणि ३१७ सेकंदांत बंगालच्या उपसागरात गेलं. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतली एक झडप नीट मिटली नाही. दिशा सांभाळायला लागणारं नायट्रिक अ‍ॅसिड गळून गेलं. टप्पा पेटला तेव्हा त्याला दिशा धरून ठेवायला काही उरलंच नव्हतं. एवढीशी झडप! मुलांनी तिचं चित्रसुद्धा काढलंय, तेही कागदाखाली गेलं.

बंटी सी-२०१: आपल्या टाकीच्या व्हॉल्व्हसारखंच की 😀 गेल्या मे महिन्यात अख्खा पार्किंग भिजला होता

खजिनदार: तो विषय मीटिंगमध्ये संपलाय. बिलं फाइलला आहेत. ज्यांचा मेंटेनन्स दोन महिने थकलाय त्यांनी उकरून काढू नये.

बंटी सी-२०१: माझा फक्त एक महिन्याचा आहे सर

सी-५०१: लिफ्ट?

ताई ए-४०३: मला वाटायचं आपलं पहिलं रॉकेट केरळातल्या थुंब्याचं. सायकलवरून नेलेलं. तो फोटो सगळ्यांकडे असतो.

नाना ए-१०२: ताई, १९६३ मध्ये थुंब्याहून उडालं ते अमेरिकन बनावटीचं नाइकी-अपाची. अशी रॉकेटं वर जातात, हवेची मोजमापं घेतात आणि खाली पडतात. उपग्रह कक्षेत सोडायचा तर वेग सेकंदाला पावणेआठ किलोमीटरच्या आसपास लागतो. तो गाठायला एसएलव्ही-३ ला एकावर एक चार टप्पे होते, चारही घन इंधनाचे. उंची साधारण २२ मीटर, वजन १७ टन आणि एवढ्या डोलाऱ्यावर उपग्रह जेमतेम ४० किलोचा!

ताई ए-४०३: १७ टनांत ४० किलो? 😮

नाना ए-१०२: म्हणूनच तर वरच्या टप्प्यांची आवरणं पोलादाऐवजी फायबरची केली. घन इंधनाच्या कामात आपले वसंतराव गोवारीकर होते, जे पुढे पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. हे ज्यांनी केलं त्यांचं पहिलं उड्डाण आपण कागदाने झाकायचं?

सेक्रेटरी: नाना, तुमच्याबद्दल आदरच आहे. पण १८ जुलै १९८० चं यश ठळक ठेवलंय ना आम्ही? रोहिणी उपग्रह, ३५ किलो, स्वतःच्या रॉकेटने उपग्रह सोडणारा भारत सहावा देश. पाहुण्यांना तेवढं पुरे.

नाना ए-१०२: नाही पुरत. दोन उड्डाणांत वर्षभराचंसुद्धा अंतर नाही. बिघाड शोधला, दुरुस्त केला, पुन्हा उडवलं. मोहिमेचे प्रमुख दोन्ही वेळा कलामच. ७९ ला पत्रकारांसमोर इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष सतीश धवन स्वतः उभे राहिले, जबाबदारी आपल्यावर घेतली. ८० ला मात्र कलामांना म्हणाले, आज तुम्ही बोला. ७९ झाकलंत तर ८० ला त्यांनी काय केलं हे मुलांना कळणार कसं?

काकू बी-३०४: आणि मग ३१ मे १९८१ चं काय? त्या दिवशीचा उपग्रह ठरल्यापेक्षा खालच्या कक्षेत गेला, ९ दिवसांत पडला. ती ओळ तर उघडीच आहे. झाकायचं तर नीट तरी झाकायचं.

सेक्रेटरी: ती आमच्या वाचनात आली नाही.

बंटी सी-२०१: 🙈

खजिनदार: मी कमिटीत असून सांगतो, मला कागद लावलेला माहीतच नव्हता. ‘कमिटीने ठरवून’ म्हणजे नक्की कोणी?

सेक्रेटरी: हे आपण वैयक्तिक बोलू.

सी-५०१: लिफ्टबद्दल पण वैयक्तिक बोलायचं का? आई पाच मजले चढतेय, वय ७६.

सेक्रेटरी: मेकॅनिक उद्या ११ ला येतोय. खरंच सॉरी. तुमच्या आईंना तोवर काही खालून आणायचं असेल तर मला फोन करा.

सी-५०१: ठीक. धन्यवाद. आणि कागद काढा, नानांचं बरोबर आहे.

ताई ए-४०३: +१

सेक्रेटरी: बरं. वॉचमनला सांगतो. फक्त लाल रंगाऐवजी निळा चालेल का?

काकू बी-३०४: नातीला विचारते... नाही म्हणते. आणि वॉचमनने हात लावायचा नाही म्हणते, ओला कपडा ठेवून कागद ती स्वतः सोडवणार. नाना, शेवटच्या ओळीत जागा उरलीय. १७ एप्रिल १९८३, ४१.५ किलो, यशस्वी, एवढंच लिहिलंय. अजून काय लिहू दे?

नाना ए-१०२: त्या उपग्रहावर कॅमेरा होता, अडीच हजारांवर छायाचित्रं पाठवली त्याने. ते लिहायला सांग. दहा मिनिटांत मी खाली येतो, झडपेच्या चित्राला बाण द्यायचा राहिलाय.