मदत हवी आहे: मुलीची ११० सीसी एटीव्ही चोक काढला की बंद पडते

नमस्कार मंडळी, गाड्यांमधलं कळणाऱ्यांनी प्लीज वाचा. माझ्या मुलीची छोटी एटीव्ही (जाड टायरची चारचाकी, हँडलवाली गाडी) आहे, ११० सीसी, फोर स्ट्रोक, कार्ब्युरेटरवाली, सेकंडहँड घेतलेली. सासवडजवळ भावाच्या शेतावर असते, रस्त्यावर कधीच काढत नाही. यंदा पावसाळाभर ताडपत्रीखाली उभी होती आणि टाकीतलं पेट्रोल मी काढलंच नव्हतं, ते तसंच राहिलं.

दसऱ्याला पूजेसाठी काढायला गेलो तर सेल्फ नुसता टकटक करतोय. बॅटरी मोजली तर ११.६ व्होल्ट, रात्रभर चार्जिंगला लावली मग सेल्फ नीट फिरायला लागला. (ब्रेकचा लिव्हर दाबल्याशिवाय हिचा सेल्फ लागत नाही, नवीन कुणी घेणार असेल तर लक्षात ठेवा, आमची पहिली संध्याकाळ त्यातच गेली होती.) आता होतंय असं की फुल चोकवर पटकन चालू होते, चोक काढला की पाच-सहा सेकंदात बंद. रेस देत राहिलं तर चालते, सोडली की गप्प. प्लग काढून पाहिला, स्पार्क निळा येतोय. एअर फिल्टरचा फोम हातात घेतला तर त्याचा भुगाच झाला, तो नवीन टाकला तरी फरक नाही.

घराजवळच्या मेकॅनिकने व्हिडिओ बघूनच सांगितलं इंजिन खोलावं लागेल. मला ते पटत नाहीये पण खात्रीही नाही. मुलगी हार घातलेल्या गाडीशेजारी हेल्मेट घालून अर्धा तास उभी होती हो, तिला परत नेताना फार वाईट वाटलं. काय बघू आधी? आणि टायरमध्ये हवा किती ठेवायची?

प्रतिसाद:
दादा, इंजिन अजिबात खोलू देऊ नका. तुम्ही सांगताय ती पायलट जेट (कार्ब्युरेटरमधली पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची नळी) तुंबल्याची लक्षणं आहेत. रेस सोडल्यावर इंजिनला पेट्रोल मुख्यतः त्या बारीक जेटमधूनच मिळतं, ते बंद असलं की मिश्रणात हवा जास्त होते, चोक ओढला की हवा कमी होते म्हणून तेवढ्यापुरती चालते. रेस दिली की मेन जेट काम करतं. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते ओलावा ओढून घेतं आणि चार महिने उभ्या गाडीत खाली पाणी बसू शकतं.

पेट्रोल कॉक बंद करा, कार्ब्युरेटरच्या बाऊलचा (खालची पेट्रोल साठणारी वाटी) ड्रेन स्क्रू सैल करून खालचं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या, तळाला पाण्याचे थेंब वेगळे दिसतात का बघा. मग बाऊल उघडून पायलट जेट काढा आणि उजेडात धरा, आरपार गोल भोक दिसलं पाहिजे. कार्ब क्लीनर मारा, नाहीच निघालं तर इलेक्ट्रिकच्या वायरमधली तांब्याची एकच तार घाला. सुई किंवा टाचणी घालू नका, भोक मोठं झालं की जेट वाया. टाकीतलं जुनं पेट्रोलही सगळं काढा. हे मोकळ्या हवेत आणि इंजिन गार असताना करा.

टायरवर लिहिलेलं असतं ते बघा, या गाड्यांना साधारण ३ ते ५ पीएसआयच लागतं. पंपावर बाईकसारखी २५-३० भरली तर गाडी चेंडूसारखी उसळते, पोरगी पडेल. सायकलचा पंप वापरा.

धागाकर्ता:
खूप खूप आभार! रविवारी केलं. बाटलीत खाली पाण्याचा पावबोटभर थर होता आणि जेटच्या तोंडाशी हिरवट खपली, आरपार काहीच दिसत नव्हतं. तार घालून, क्लीनर मारून, नवीन पेट्रोल टाकलं, आता चोकशिवाय मस्त आयडलिंगला उभी राहते. बाऊलचं गॅस्केट फुगलं होतं, ते नाना पेठेतून आणलं. टायरमध्ये १८ निघाली, ती ४ केली. थ्रॉटलचा स्पीड लिमिटर स्क्रू (रेस ठरावीक मर्यादेपुढे जाऊ न देणारा) मात्र होता तिथेच ठेवलाय, ती कितीही मागे लागली तरी.

फक्त आता गार असताना वरून बारीक टिकटिक येते, टॅपेट (इंजिनचे व्हॉल्व्ह दाबणारा भाग) असेल का? गार इंजिनला त्याची गॅप किती ठेवू?

प्रतिसाद:
टॅपेटच असेल. अशा इंजिनांना बहुतेक ०.०५ मिमी असतो, पण तुमच्या गाडीच्या पुस्तकात बघून घ्या. फीलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) किंचित अडकत सरकला पाहिजे. आणि ऑइल आधी बदला, पावसाळाभर उभं होतं ते.