मदत हवी आहे: सेफ क्लस्टरमधली एक डिस्क गेली, रिकव्हरी अडकली

नमस्कार मंडळी,

भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्याचं आयटी मी एकटी सांभाळते. तीन नोडचा (सर्व्हरचा) प्रॉक्समॉक्स क्लस्टर, त्यावर व्हीएम (आभासी मशीन) चालतात. प्रत्येक नोडमध्ये चार एसएसडी, त्यावर सेफ (Ceph) स्टोरेज, जे डेटाच्या प्रती वेगवेगळ्या नोडवर ठेवतं. पूलची (डेटाच्या सामायिक साठ्याची) साइझ ३, म्हणजे डेटाच्या तीन प्रती; मिन-साइझ २, म्हणजे किमान दोन प्रती हाताशी असल्या तरच काम चालतं. ईआरपी, टॅली, ड्रॉइंगचा सर्व्हर, सगळं यावरच.

काल दुपारी दुसऱ्या नोडमधली एक डिस्क गेली. दहा मिनिटांनी सेफने तो ओएसडी (सेफमध्ये त्या डिस्कचा भाग) आउट, म्हणजे बाद केला, रिकव्हरी (गेलेली प्रत पुन्हा बनवणं) सुरू झाली. संध्याकाळी बघते तर कितीतरी पीजी (प्लेसमेंट ग्रुप, डेटाचे गट) 'बॅकफिल टूफुल' होऊन, म्हणजे प्रत भरायला डिस्कवर पुरेशी जागा नाही म्हणून, अडकलेले. मग कागदावर हिशोब मांडला. डिस्क ७० टक्के भरलेल्या. नोड तीनच आणि प्रत्येकावर एक प्रत हवीच, म्हणजे गेलेल्या डिस्कचा डेटा त्याच नोडच्या उरलेल्या तीन डिस्कवर मावायला हवा. चार सत्तरी २८०, भागिले तीन: ९३ टक्के. बॅकफिलची मर्यादा ९०. इतर नोडवरची मोकळी जागा इथे उपयोगाचीच नाही, हे मला आधीच सुचायला हवं होतं.

व्हीएम चालू आहेत, दोन प्रती शाबूत आहेत. पण बाराही डिस्क एकाच खरेदीतल्या, एकापाठोपाठ जायची भीती, त्यामुळे रात्रभर झोप नाही. नवीन डिस्क बुधवारी येईल, गुरुवारी कारखान्याला सुट्टी. तोवर मर्यादा ९४ करू का? एकाने मिन-साइझ १ करायला सांगितलंय.

प्रतिसाद:
ताई, दोन्ही नको. डिस्क कधीच सारख्या भरत नाहीत. सरासरी ९३ असताना एखादी ९५ला, म्हणजे 'फुल'च्या मर्यादेला पोचेल आणि पूलवर लिहिणंच थांबेल. मिन-साइझ २ असताना आणखी एखाद्या नोडची डिस्क गेली, तर दोन्हींवर प्रती असलेले पीजी थांबतील, पण डेटा राहील. १ केलंत तर नवीन नोंदी एकाच प्रतीवर जातील. तीही डिस्क गेली की त्या कुठेच नसतील.

जुने स्नॅपशॉट (व्हीएमच्या आधीच्या स्थितीच्या जतन केलेल्या नोंदी) डिलीट करा. वापर ६५वर आला की तीन डिस्कवर ८७च होतात, बॅकफिल आपोआप पुढे सरकेल. पण त्याआधी वेगळ्या मशीनवर बॅकअप घ्या आणि एक व्हीएम रिस्टोर करून बघा. नुसता 'सक्सेस'चा मेल पुरेसा नाही.

धागाकर्ती:
मनापासून आभार, दादा. ईआरपीचं व्हीएम रिस्टोर करून लॉगिन करून पाहिलं, नोंदी कालपर्यंतच्या आहेत. आता जुने स्नॅपशॉट डिलीट करतेय. वापर ६८वर आलाय, अडकलेले काही पीजी हलायला लागलेत. गुरुवारी डिस्क बदलताना जुन्याच क्रमांकाचा ओएसडी ठेवू की नवीन बनवू?