माणूस अंतराळात पाठवायला जनतेचा पैसा द्यावा का?

शुक्रोदय (धागाकर्ता)

माझं उत्तर ठाम 'हो' आहे. "यंत्रं सगळं करतात, मग माणूस कशाला?" हे वाक्य इतक्यांदा ऐकलं की शेवटी लिहायला बसलो.

डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो १७ मधून हॅरिसन श्मिट चंद्रावर उतरले. पेशाने भूगर्भशास्त्रज्ञ. शॉर्टी विवराच्या काठाशी चालताना बुटांनी उकरलेल्या मातीत त्यांना नारिंगी छटा दिसली. राखाडी चंद्रावर नारिंगी! त्यांनी तिथेच थांबून खणलं. ती माती म्हणजे साडेतीन अब्ज वर्षांहून जुन्या ज्वालामुखीतून उडालेले काचेचे बारीक मणी निघाले. २००८ मध्ये चंद्रावरच्या अशाच मण्यांत पाण्याचा अंश सापडला. तोवर चंद्र आतून ठणठणीत कोरडा आहे, असंच बहुतेक जण धरून चालले होते.

श्मिट आणि त्यांचे सहकारी यूजीन सर्नन या दोघांनी तीन दिवसांत गाडीतून सुमारे ३५ किलोमीटर पालथे घातले. मंगळावरच्या ऑपॉर्च्युनिटी या यंत्रगाडीला ४५ किलोमीटरला १४ वर्षं लागली.

आणि जनतेचाच पैसा का? त्याच मोहिमेत हवाबंद केलेली मातीची एक नळी नासाने २०२२ मध्ये उघडली. पुढे चांगली उपकरणं येतील म्हणून ५० वर्षं राखून ठेवली होती. नफ्याकडे डोळे लावून बसलेला कोणता गुंतवणूकदार एवढा धीर धरेल?

पाटीपेन्सिल

उदाहरण सुंदर आहे, पण ते १९७२ चं आहे. चीनच्या छांग-अ ६ या मानवरहित यानाने २०२४ मध्ये चंद्राच्या पलीकडच्या बाजूची जवळपास दोन किलो माती आणली. तिथे आजवर एकाही माणसाचं पाऊल पडलेलं नाही.

माणूस न्यायचा तर हवा, पाणी, अन्न न्या, किरणोत्सारापासून त्याला जपा, वर सुखरूप परत आणा. यंत्राला परत आणलंच पाहिजे असं नाही. खर्च फुगतो तो इथे. शिवाय चॅलेंजर आणि कोलंबिया या अंतराळयानांच्या अपघातांत मिळून १४ जण गेले. यंत्र बंद पडलं तर कुणाचं घर उघडं पडत नाही.

मृद्गंध

पाटीपेन्सिल, इनसाइट यान आठवतंय का? मंगळाच्या पोटातली उष्णता मोजायला त्याने आपटत आपटत खाली जाणारी एक खुंटी नेली होती. पाच मीटरपर्यंत जायचं होतं. माती धरच देईना. शास्त्रज्ञांनी दोन वर्षं नाना युक्त्या केल्या, यानाच्या हाताने ती दाबूनही पाहिली, आणि जानेवारी २०२१ मध्ये नाद सोडला. खुंटी जेमतेम स्वतःच्या उंचीएवढी गाडली गेली. शेजारी माणूस असता तर त्याने जागा बदलली असती.

पाटीपेन्सिल

नेमकं हेच मोजमाप चंद्रावर माणसांनी करून पाहिलंय, म्हणून सांगतो. अपोलो १५ मध्ये ड्रिल अडकलं आणि भोकं हवी तेवढी खोल गेलीच नाहीत. अपोलो १६ मध्ये जॉन यंग यांचा पाय तारेत अडकला, तार तुटली, प्रयोग तिथेच संपला. माणूसही चुकतो, आणि त्याची चूक फार महागात पडते.

शुक्रोदय

ही बाजू मी मांडायला हवी होती, मान्य. पण गोष्ट तिथे संपत नाही. सुधारलेली अवजारं घेऊन अपोलो १७ गेलं आणि त्यांनी तेच मोजमाप यशस्वी केलं. इनसाइटच्या खुंटीला मात्र दुसरी जागा शोधायची संधीच नव्हती.

हबल या अंतराळ दुर्बिणीचंही तेच. १९९० मध्ये वर गेल्यावर कळलं की आरसा चुकीचा घासलाय. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी पाच वेळा बाहेर पडून दुरुस्ती केली. ती झाली नसती तर अंधुक नजरेची दुर्बीण एवढीच तिची ओळख राहिली असती.

ओंजळ

मला विज्ञानापेक्षा माणसांची काळजी वाटते. अपोलो ११ च्या उड्डाणाआधी कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीचे नेते राल्फ अबरनॅथी गरीब कुटुंबांना आणि खेचरांच्या गाड्यांना घेऊन केप केनेडी या उड्डाणतळावर गेले होते. उपाशी पोरांच्या देखत चंद्रावर अब्जावधी डॉलर? या प्रश्नाला नारिंगी माती हे उत्तर होत नाही.

शुक्रोदय

ओंजळताई, प्रश्न खरा आहे. तेव्हाचे नासाप्रमुख थॉमस पेन स्वतः त्यांना जाऊन भेटले होते. उड्डाणाचं बटण न दाबल्याने गरिबी मिटणार असेल तर आम्ही ते दाबणार नाही, अशा अर्थाचं ते बोलले. पुढे काय झालं? १९६६ च्या सुमारास अमेरिकी केंद्रीय खर्चात नासाचा वाटा चार टक्क्यांच्या वर होता, आज तो अर्ध्या टक्क्याच्याही खाली आहे. म्हणून गरिबी हटली का? एकीकडे कापलेला पैसा आपोआप भुकेल्याच्या ताटात पडत नाही. त्यासाठी वेगळं भांडावं लागतं, आणि त्या भांडणात मी तुमच्या बाजूने आहे.

पाटीपेन्सिल

माझी एकच अट. माणसांच्या मोहिमेचा खर्च वाढला की पहिली कात्री दुर्बिणींना आणि यंत्रयानांना लागू नये. दोन्ही निधी वेगळे ठेवा, मग माझा विरोध बराच मवाळ होईल.

शुक्रोदय

वेगळे ठेवायला माझी हरकत नाही. फक्त माणसांचा निधी एका वर्षापुरता नको, दहा वर्षांचा बांधून द्या. अपोलो १८, १९ आणि २० रद्द झाल्या तेव्हा अवजड रॉकेटं बांधून तयार होती. त्यांतल्या न उडालेल्या रॉकेटांचे भाग आज संग्रहालयांत आडवे ठेवलेले आहेत.