पोहे सोडू नका, तर्री सोडा

वजन उतरवायला कुणीतरी सकाळी ओट्स आणि रात्री नुसतं सूप सुचवलंय. ओट्स वाईट नाहीत, पण नागपुरात कोपऱ्याकोपऱ्यावर तर्री-पोह्याचा (पोह्यांवर चण्यांचा तिखट, तेलकट रस्सा) ठेला असताना ते किती दिवस टिकेल, शंकाच आहे. तर्रीतले चणे खरं तर कामाचे, प्रथिनं आणि फायबर दोन्ही देतात. घोळ आहे तो वर तरंगणाऱ्या लाल तेलाचा. एका ग्रॅम तेलात 9 कॅलरी, कर्बोदकांत नि प्रथिनांत 4. म्हणजे मोठा चमचाभर तेल झालं की सुमारे 120 कॅलरी गेल्याच पोटात. ठेल्यावर सांगायचं, "भाऊ, चणे टाका, वरचं तेल नको." देतात.

घरीही महिन्याला तेल किती लागतं ते आधी बघा. जेवणात ज्वारीची भाकर, वरण, अंबाडीची भाजी, काकडी. झुणका असला की दोन भाकरींवर हात थांबत नाही, हे मान्य. संत्र्याचा रस नको, संत्रं सोलून चोथ्यासकट खा. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर रात्रीचं जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना विचाराच. आणि सावजी, म्हणजे नागपूरचं ते झणझणीत रश्श्याचं जेवण? कधीमधी खा, तर्री वाटीतच राहू द्या.