मदत हवी आहे : डायनाच्या आजाराबद्दल मुलांना कसं सांगू?

नमस्कार मंडळी. आठवी-नववीच्या मुलांसमोर प्रिन्सेस डायनावर दहा मिनिटं बोलायचं आहे. सुरुवात ठरली आहे : १९८७, लंडनचं मिडलसेक्स हॉस्पिटल. नुसत्या स्पर्शाने एड्स होतो या भीतीने लोक दूर पळत होते, तेव्हा तिने हातमोजे न घालता रुग्णाचा हात हातात घेतला. (माझ्यासाठी डायना म्हणजे तो हात.) मग जानेवारी १९९७, अंगोलातली सुरुंगांची जमीन.

अडलंय पुढे. बुलिमियाबद्दल (भरमसाट खाऊन मग ते मुद्दाम उलटून टाकण्याचा मानसिक आजार) ती १९९५च्या मुलाखतीत स्वतः बोलली होती. ते वगळलं तर ती नुसती परीकथेतली राजकन्या उरते, ते मला नकोय. पण या वयाच्या मुलींसमोर हा आजार कोणत्या शब्दांत मांडावा? शिक्षक, समुपदेशक कुणी असाल तर कृपया सुचवा.