कपाळावरच्या आठ्या: बोटॉक्स की ब्रो लिफ्ट? सल्ला हवाय

ठाणेकरीण: वय ५६. टिकलीच्या वर आडव्या आठ्या आणि भुवयांच्या मध्ये दोन उभ्या, आता झोपून उठलं तरी तशाच दिसतात. भुवयाही खाली आल्यात, सूनबाई सारखी विचारते आई चिडलात का. एका क्लिनिकमध्ये गेले तर बसल्या बसल्या ब्रो लिफ्ट (भुवया वर उचलायचं ऑपरेशन) सांगितली, वर आजच बुक केलं तर डिस्काउंट, मी पळालेच. कुणी काही केलंय का? "या वयात कशाला" हा सल्ला घरी फुकट मिळतोय, तो नको.

खवचट_काका: भुवयांचा पण सेल लागला म्हणजे! पळालात ते बरं केलंत.

रानजाई: मी बोटॉक्स घेते, म्हणजे स्नायू ढिला करणारं इंजेक्शन. उभ्या रेघांवर झकास काम करतं, चार-पाच दिवसांत फरक कळायला लागतो, पूर्ण परिणाम दोन आठवड्यांनी, आणि ३-४ महिन्यांत उतरतं की परत सुई. मुरलेल्या आठ्या मात्र पुसल्या जात नाहीत, फिकट होतात एवढंच. किती युनिट (म्हणजे डोस) देणार ते आधी विचारा.

नेत्रपल्लवी: ताई, जरा थांबा, आधी डोळे तपासून घ्या. मी डोळ्यांच्या दवाखान्यात काम करते, तिथे हे रोजचंच आहे. वरची पापणी सैल झाली की नीट दिसावं म्हणून माणूस नकळत दिवसभर भुवया वर खेचत राहतो, आठ्या त्याच्याच. भुवई वर उचलणारा स्नायू कपाळातला तो एकच, त्यालाच बोटॉक्सने ढिला केला तर भुवया अजून खाली येऊन डोळे जड होतात. आरशासमोर कपाळ सैल सोडा, भुवया बोटांनी हलकेच जागेवर धरा आणि समोर बघा. पापणी बाहुलीवर उतरत असेल तर कदाचित पापणीचंच ऑपरेशन लागेल, कपाळाचं नाही.

पुणेरी_वांगं: +१. माझ्या आईची एंडोस्कोपिक ब्रो लिफ्ट झालीय, केसांत छोटे छेद देऊन, जुन्या पद्धतीत या कानापासून त्या कानापर्यंत कापायचे तसं नाही. सूज डोळ्यांपर्यंत उतरली होती आणि टाळू कितीतरी महिने बधिर, म्हणायची कंगवा दुसऱ्याच्याच डोक्यावर फिरतोय. कपाळ आधीच मोठं असेल तर यात केसांची रेघ अजून मागे जाते, हे विचारून घ्या. डॉक्टर प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी पदवी असलेले हवेत, नुसतं "कॉस्मेटॉलॉजिस्ट" नको. मुंबईत सायन, केईएम, नायर या पालिकेच्या हॉस्पिटलांत प्लास्टिक सर्जरी विभाग आहेत, निदान ओपीडीत दुसरं मत तरी घ्या. आणि दिसण्यासाठी केलेल्या सर्जरीला मेडिक्लेम सहसा मिळत नाही.

ठाणेकरीण: नेत्रपल्लवी, करून बघितलं, उजवी पापणी चांगलीच उतरते! आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडेच जाते. मला रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे, चालेल का?

नेत्रपल्लवी: ते पहिल्याच भेटीत सांगा, चिठ्ठी सोबत न्या. पण गोळी मनाने बंद करू नका हं, ते ती गोळी देणारे तुमचे डॉक्टर ठरवतील.