मदत हवी आहे: आईच्या विरलेल्या लुगड्यांची गोधडी

आईच्या जुन्या सुती लुगड्यांची गोधडी मी हाताने शिवत आहे, आणि संध्याकाळचा तो वेळ मला सध्या इतर कशाहीपेक्षा अधिक सावरतो. तेरवीनंतर घरच्या ज्येष्ठांनी बरेचसे कपडे रीतीप्रमाणे दान केले; उरलेल्या लुगड्यांना त्यांची हरकत नाही, मात्र वर्षश्राद्धापूर्वी गोधडी पूर्ण होऊन धाकट्या बहिणीकडे जावी, अशी सर्वांची इच्छा आहे.

अडचण कापडाची आहे. काठ अजून घट्ट आहेत, परंतु मधला भाग इतका विरला आहे की धावदोरा ओढताच टाक्यापाशी फाटतो. बारीक सुई, एकेरी सुती दोरा आणि मध्ये जुन्या धोतराचा थर हे करून पाहिले. खळ दिल्यावर तर कापड कडक होऊन अधिकच तुटले. इस्त्रीने चिकटणारे अस्तर नको, कारण गोधडी रोज वापरायची व धुवायची आहे (आणि नागपूरच्या उन्हाळ्यात कृत्रिम कापड अंगावर कोण घेणार!). घरी मशीन आहे, तरी हे काम हातानेच करायचे आहे.

विरलेल्या भागावर पातळ मलमल घालून शिवावे, की तो भाग काढून केवळ काठांचीच ठिगळे जोडावीत? शिवाय महाल वा इतवारी भागात असे जुने कापड हाताळणाऱ्या, प्रत्यक्ष दाखवू शकतील अशा गोधडीकार बाई कुणाच्या माहितीत आहेत का?